रिपोर्टमध्ये 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' आलंय. साधी गाठ म्हणायची की कॅन्सर?

सिंहगड रोडवरच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आईंचं वय ५७. संडासवाटे दोन-तीनदा लाल रक्त गेलं, मूळव्याध असेल म्हणून दाखवायला गेल्या, डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करायला लावली. मूळव्याध निघालीच, पण गुदाशयात ७ मिलिमीटरचा एक पिवळसर कोंबही दिसला. तो तिथल्या तिथे तारेच्या फासाने काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: 'वेल डिफरन्शिएटेड न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १, केआय-६७ एक टक्का, डीप मार्जिन इन्व्हॉल्व्ड'. पहिले डॉक्टर म्हणाले, साधी गाठ होती, निघाली, विसरून जा. दुसरे म्हणाले, हा कॅन्सरच, पेट (पीईटी) स्कॅन करा आणि सर्जनना भेटा, कदाचित संडाससाठी पोटावर पिशवी लागेल. न्यू जर्सीच्या भावाने इंटरनेटवर कुठल्याशा यादीत या गाठीला 'बिनाइन', म्हणजे साधी, म्हटलेलं शोधून काढलं. आईंना मात्र एकच विचारायचंय, यंदाची वारी होणार का? त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण ते आधीच्या सगळ्यावर अवलंबून आहे.

मी पुण्यात २२ वर्षं दुर्बिणीचं काम करतोय. न्यूरोएंडोक्राइन म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींपासून झालेली गाठ. सुरुवातीच्या काळात अशी गाठ क्वचित दिसायची, आता बरेचदा दिसते. आजार अचानक वाढला असं मला वाटत नाही; कोलोनोस्कोप्या वाढल्या, यंत्रांची नजर सुधारली, म्हणून सापडायला लागल्या. गुदाशयातल्या बहुतेक अशा गाठी तुमच्या आईंसारख्याच, दुसऱ्याच कारणासाठी दुर्बीण घातली असताना सापडतात. रक्त गेलं ते जवळजवळ नक्की मूळव्याधीचं. एवढी लहान गाठ सहसा रक्तही देत नाही आणि दुखतही नाही.

ताई, तुम्ही विचारलंय 'साधी की कॅन्सर'. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. साधी असेल तर दुसरे डॉक्टर घाबरवतायत का, आणि कॅन्सर असेल तर पहिले इतके निवांत कसे? गोंधळाचं मूळ त्या शब्दात आहे आणि तो गोंधळ शंभर वर्षांहून जुना आहे. १९०७ साली म्युनिकचे पॅथॉलॉजिस्ट सिगफ्रिड ओबरनडॉर्फर यांनी लहान आतड्यातल्या अशा गाठींना 'कार्सिनॉइड' असं नाव दिलं. कॅन्सरसारखी दिसणारी, पण तशी न वागणारी, असा त्यांचा अर्थ. १९२९ मध्ये त्यांनीच दुरुस्ती केली, की यातल्या काही गाठी पसरतात. नाव मात्र जुनंच राहिलं, आणि त्यासोबत 'ही तशी गरीब गाठ' हा समजही.

भावाला सापडलेली यादीही खोटी नाही. अमेरिकेत बिलांसाठी आजारांचे जे संकेतांक वापरतात, त्यात 'गुदाशयातला बिनाइन कार्सिनॉइड ट्यूमर' असा रकाना खरंच आहे, डी३ए.०२६. गंमत अशी की गाठींची नोंद ठेवणाऱ्या जागतिक यादीत याच गाठीचा अंक ८२४०/३ आहे, आणि तिथे तिरप्या रेघेनंतरचा ३ म्हणजे 'मॅलिग्नंट'. एकच गाठ, एका वहीत साधी, दुसऱ्या वहीत घातक. तुमच्या दोन डॉक्टरांनी बहुधा एकेक वही वाचली. बिल कारकुनाने करायचं असतं, उपचार वहीवरून ठरत नाहीत. मी स्वतः पेशंटसमोर 'साधी' हा शब्द वापरत नाही आणि 'कॅन्सर'ही लगेच उच्चारत नाही. 'अतिशय सावकाश वाढणारी, पण पसरायची थोडीशी ताकद अंगात असलेली गाठ' असं लांबलचक सांगतो. लांबलचक वाक्याने माणूस कमी घाबरतो, हाही अनुभव.

ही ताकद किती, हे चार-पाच गोष्टींवरून कळतं. त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे आकार. गुदाशयातली गाठ १ सेंटिमीटरच्या आत असेल, तर ती आजूबाजूच्या लसग्रंथींमध्ये (लिम्फ नोडमध्ये) किंवा लिव्हरमध्ये गेलेली असण्याची शक्यता शंभरात जेमतेम दोन-तीन. बाकीची लक्षणं चांगली असतील तर त्याहूनही कमी. १ ते २ सेंटिमीटरमध्ये ती साधारण दहा-पंधरावर जाते. २ सेंटिमीटरच्या पुढे चित्रच पालटतं, अर्ध्याहून जास्त जणांमध्ये ती पसरलेली सापडते. म्हणून ७ मिलिमीटर हा आकडा वाचला तेव्हा माझी निम्मी काळजी मिटली. फक्त हा आकडा कुठून आलाय ते बघा. दुर्बिणीतून अंदाजाने सांगितलेला आकार आणि पॅथॉलॉजिस्टने पट्टीने मोजलेला आकार यात दोन-तीन मिलिमीटर सहज इकडे-तिकडे होतात. आईंच्या बाबतीत त्याने फरक पडणार नाही, पण ९ आणि ११ मध्ये पडला असता.

दुसरी गोष्ट ग्रेड. गाठीतल्या शंभर पेशींपैकी किती पेशी दुप्पट व्हायच्या तयारीत आहेत, हे केआय-६७ नावाचं डाय लावून मोजतात. तीन टक्क्यांच्या आत असलं तर ग्रेड १, वीसपर्यंत ग्रेड २, त्यापुढे ग्रेड ३. आईंचं एक टक्का, म्हणजे गाठ जवळजवळ झोपलेली. (केआय म्हणजे जर्मनीतलं कील हे शहर, आणि ६७ हा प्रयोगशाळेतल्या प्लेटमधल्या खळग्याचा नंबर. पेशंट मला नेहमी विचारतात की ६७ म्हणजे ६७ टक्के का. नाही हो.)

रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ शोधा: 'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन'. गाठीच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत किंवा लसवाहिन्यांत शिरलेल्या दिसल्या का, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही लिहिलेल्या मजकुरात ही ओळ नाही. पॅथॉलॉजिस्टने बघितलीच नाही, की बघून लिहिली नाही, हे विचारून घ्या. 'नाही' असं लेखी आलं तर उत्तमच. 'आहे' असं आलं तर माझं पुढचं बरंच उत्तर बदलेल.

क्रोमोग्रॅनिन निगेटिव्ह आलंय म्हणून रिपोर्ट चुकीचा असेल का, असंही तुम्ही विचारलंय. चुकीचा नाही. क्रोमोग्रॅनिन ए आणि सिनॅप्टोफायझिन ही अशा गाठी ओळखायची दोन प्रथिनं, लॅबमध्ये रंग लावून शोधतात. गुदाशयातल्या गाठींमध्ये क्रोमोग्रॅनिन ए चा रंग अनेकदा उमटत नाही, सिनॅप्टोफायझिनचा उमटतो. तुमच्या रिपोर्टात तेच झालंय.

आता मुद्द्यावर येतो. 'डीप मार्जिन इन्व्हॉल्व्ड', म्हणजे कापलेल्या खालच्या कडेला गाठीच्या पेशी आहेत, ही सगळ्या रिपोर्टातली एकमेव त्रासदायक ओळ आहे, आणि पहिल्या डॉक्टरांनी ती सोडून दिली. आतड्याची भिंत थरांची असते. वर अस्तर, त्याखाली मऊ थर, त्याखाली स्नायू. नेहमीचा कोंब अस्तरावर उगवतो, भुईछत्रासारखा. फास टाकला की मुळासकट येतो. ही गाठ अस्तराच्या खालच्या बाजूला उगवते आणि खालच्या मऊ थरात उतरते. सतरंजीखाली सुपारी राहिली तर वरून फक्त उंचवटा दिसतो, तसं. वरून चिमटीत धरून सतरंजी कापली तर सुपारी अर्धी कापली जाते. साध्या फासाने काढलेल्या या गाठींच्या खालच्या कडेला पेशी सापडणं म्हणून फार नेहमीचं आहे. त्यात काढणाऱ्या डॉक्टरांचा निष्काळजीपणा मी मानणार नाही. नेहमीचा कोंब समजून त्यांनी काढला. मीही उमेदीच्या काळात अशा दोन-तीन गाठी फासाने काढून मोकळा झालो होतो. आता पिवळसर, गुळगुळीत, बोटाने ढकलल्यासारखा उंचवटा दिसला की हात आवरतो. नुसती बायोप्सीही फारशी घेत नाही, कारण तुकडे घेतलेल्या जागी व्रण धरतो आणि नंतर गाठ नीट सुटून येत नाही.

कडेला पेशी आहेत, म्हणजे आत गाठ उरलीच आहे असंही मात्र नाही. फासातून वीज जाते, कापताना खालची बाजू भाजते. पुन्हा काढलेल्या व्रणात काहीच न सापडणं हा प्रकार मी अनेकदा बघितलाय. तरी 'बहुतेक नसेल' यावर मी सोडत नाही, कारण जागा परत बघणं सोपं आहे आणि दहा वर्षं शंकेत काढणं अवघड.

मग करायचं काय? आधी कोलोनोस्कोपीचा कागद काढून बघा की दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत गेली होती का आणि पोट साफ होतं का. नसेल तर पुढच्या वेळी पूर्ण बघून घ्या. ही गाठ असो वा नसो, ५७ व्या वर्षी आतड्यात नेहमीचे कोंबही असू शकतात, आणि ते जास्त महत्त्वाचे ठरू शकतात. औषधाचं ते दोन लिटर पाणी पिणं त्रासाचं आहे, मान्य. थंड करून, मध्ये लिंबाची फोड चोखत घेतलं तर उतरतं.

पुढच्या तपासणीत त्या जागी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करून घ्यायची. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते, भिंतीचे थर एकेक करून दिसतात, गाठ उरली असेल तर ती स्नायूपर्यंत गेली का ते कळतं, आणि शेजारची एखादी लिम्फ नोड मोठी असेल तर तीही दिसते. हे काम आता पुण्यात बऱ्याच ठिकाणी होतं. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. एक मात्र, फार लांबवू नका. पहिल्या वेळी जागेवर शाईची खूण केली नसेल तर दोन-तीन महिन्यांत व्रण इतका छान भरतो की शोधून सापडत नाही. पहिल्या डॉक्टरांकडून फोटो घ्या. गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आणि कुठल्या भिंतीला, हे लिहून घ्या.

स्नायू मोकळा आणि नोड नसतील, तर मी तो व्रण दुर्बिणीतूनच काढतो. रबर बँडने ओढून खालून कापण्याची पद्धत आहे, थर सोडवत पूर्ण चकती काढण्याची पद्धत आहे, आणि जागा फार घट्ट झाली असेल तर गुदद्वारातूनच भिंतीचा छोटा पूर्ण जाडीचा तुकडा काढणारे सर्जनही आहेत. यातलं कुठलं, हे करणाऱ्याच्या हाताच्या सवयीवर सोडा. त्याला फक्त एवढं विचारा, की 'अशा गाठी तुम्ही वर्षात किती काढता?' उत्तर द्यायला जो फार वेळ घेतो त्याच्याकडून निघून या.

पिशवीचं भय मनातून काढून टाका. पोटातून गुदाशय काढायचं ऑपरेशन २ सेंटिमीटरच्या पुढच्या, स्नायूत शिरलेल्या किंवा नोड धरलेल्या गाठींसाठी आहे. ७ मिलिमीटर, ग्रेड १ या कागदावर ते कुणी सुचवत असेल, तर ऑपरेशनच्या आधी दुसरं मत घ्या. स्लाइड आणि पॅराफिनचा ब्लॉक लॅबकडून मागून घेता येतो. आतड्याचं काम जास्त बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला किंवा परळला टाटाला दाखवायचं म्हटलं तर तेच न्यायचं, आईंना सोबत न्यायची गरज नाही. लॅब कधीकधी कां-कूं करतात, चिकाटी धरा.

तपासण्यांबद्दल थोडं स्पष्टच लिहितो, कारण इथे पैसे फार वाया जातात. रक्तातलं क्रोमोग्रॅनिन ए आणि २४ तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए, या दोन्हींचा आईंना उपयोग नाही. दुसरी तपासणी सिरोटोनिन नावाचं हार्मोन बनवणाऱ्या गाठींसाठी आहे, त्या मुख्यतः लहान आतड्यातल्या. चेहरा लाल होणं, जुलाब, दम लागणं ही त्यांची लक्षणं. गुदाशयातल्या गाठी सिरोटोनिन जवळपास बनवतच नाहीत. आणि क्रोमोग्रॅनिन ए? ते ॲसिडिटीच्या गोळीनेसुद्धा वाढतं. मागे कोथरूडचे एक काका रडवेले होऊन आले होते, रिपोर्ट नॉर्मलच्या पाचपट. मी विचारलं, सकाळी अनाशापोटी काय घेता? पॅन्टोप्राझोल, आठ वर्षं, कुणी सुरू केली आठवत नाही. गोळी थांबवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर आकडा जागेवर. आपल्या शहरात ही गोळी चहाच्या आधी घेतात, त्यामुळे हा गोंधळ इथे नेहमीचाच.

पेट स्कॅनचंही तसंच. नेहमीचा, किरणोत्सारी साखर टोचून केलेला पेट स्कॅन अशा झोपाळू गाठी नीट दाखवत नाही, कारण त्या साखर फारशी खातच नाहीत. यांच्यासाठी गॅलियम डोटाटेट स्कॅन असतो, त्यात अशा गाठींना चिकटणारं किरणोत्सारी औषध टोचतात. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ते तिथल्या तिथे बनवून टोचावं लागतं आणि स्कॅन महाग पडतो. गाठ १ सेंटिमीटरहून मोठी, ग्रेड २, वाहिन्यांत शिरलेली, किंवा अल्ट्रासाउंडमध्ये नोड दिसलेली असेल तर मी तो आवर्जून सांगतो. आईंना आज सांगणार नाही.

हे सगळं गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या १५ सेंटिमीटरच्या गाठीबद्दल झालं. हीच गाठ मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, सीकममध्ये असती तर मी इतकं निवांत लिहिलं नसतं. तिथल्या गाठी उशिरा, मोठ्या होऊन सापडतात आणि जास्त चिवट वागतात. अपेंडिक्समध्ये, ऑपरेशननंतर अचानक सापडलेली १ सेंटिमीटरच्या आतली गाठ मात्र बहुतेक वेळा अपेंडिक्सबरोबरच संपते. म्हणून कुणाच्या मावसभावाचा अनुभव आईंना लावू नका. इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचं जाहीर केलं आणि एप्रिल २०२० मध्ये ते गेले, तेव्हापासून हा शब्द ऐकला की पेशंटच्या डोळ्यांसमोर तेच येतं. पण हे आडनाव आहे. पुण्यात कुलकर्णी गल्लोगल्ली आहेत, एकाच्या कर्जाचा हप्ता दुसऱ्याच्या घरी येत नाही.

पथ्याचं विचारलंय. काही नाही. हळद, गोमूत्र, गव्हांकुराचा रस यांनी व्रणाखालची पेशी मरत नाही. मूळव्याधीसाठी मात्र भाज्या, ताक आणि पाणी वाढवा, म्हणजे रक्त परत जाऊन घरात पुन्हा धावपळ होणार नाही. तुम्हा भावंडांना यासाठी वेगळी तपासणी नको. अशा एकट्या-दुकट्या गाठी सहसा घराण्यात चालत नाहीत.

मेडिक्लेमसाठी 'बिनाइन लिहून द्या' किंवा उलट 'कॅन्सर लिहून द्या' असं डॉक्टरांना म्हणू नका. रिपोर्टातली भाषा जशीच्या तशी, ग्रेडसकट फाइलमध्ये जाऊ द्या. शब्द बदललेला कागद आणि पॅथॉलॉजीचा कागद जुळला नाही की क्लेम तिथेच अडकतो.

पुढची देखरेख व्रणात काय निघतं त्यावर. काहीच उरलं नसेल किंवा उरलेलं स्वच्छ कडांसह निघालं, वाहिन्या मोकळ्या असल्या, तर अशा लहान ग्रेड १ गाठीला वर्षानुवर्षं मागे लागायची गरज नसते. पाश्चात्त्य मार्गदर्शक सूचनाही तेच म्हणतात. मी तरी एकदा वर्षभराने दुर्बीण घालतो, हे माझं जास्तीचं सावधपण समजा. आईंनी नको म्हटलं तर आग्रह धरणार नाही.

आता वारी. आईंनी वारी करावी. पालखी आळंदीहून निघायला अजून सात आठवडे आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे वेळ आहे. व्रण काढला तर त्या जागेतून पहिले दोन आठवडे कधीही रक्त येऊ शकतं, अगदी दहाव्या-बाराव्या दिवशीसुद्धा. म्हणून प्रस्थानाच्या किमान तीन आठवडे आधीची तारीख घ्या. तेवढ्यात जमलं नाही तर वारीनंतर करा. महिनाभराने या गाठीचं काही बिघडत नाही. फक्त मग जागेचा फोटो आणि शाईची खूण आधी करून ठेवा. मधला मार्ग, म्हणजे ऑपरेशन करून आठव्या दिवशी दिंडीत, तेवढा नको. पुण्याच्या मुक्कामात काही झालं तर दवाखाना हाकेवर आहे. दिवे घाट चढताना झालं तर गर्दीतून ॲम्ब्युलन्स खाली आणायलाच दोन तास जातात, मी एकदा त्या ॲम्ब्युलन्समध्ये बसलोय. आणि रक्त पातळ करायची गोळी आईंना चालू असेल, तर तारीख घ्यायच्या आधीच सांगा.

व्रणाचा रिपोर्ट आला की इथे लिहा. त्यातली वाहिन्यांची ओळ मला बघायचीय.